सीझनभर आहेस ना?

परवा गुरुवारी दुपारी आईने हॉलमधला एसी बंद केला. रिमोट पुसला, त्यातले सेल काढले आणि तो टीव्हीच्या मागे ठेवून दिला. म्हणजे आता मार्चपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मशीनची घरघर थांबली आणि घरात एकदम कितीतरी आवाज शिरले. खालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या किराणा दुकानात, कुणीतरी बाटल्यांचे क्रेट एकमेकांवर चढवत होतं. शेजारच्यांच्या मोरीत बादली भरत होती. आईच्या बांगड्या वाजल्या. बहारिनमध्ये वर्षातले सात-आठ महिने आपण एसीच्या आवाजाखाली राहतो, आणि तो थांबला की कळतं की घरातली माणसं किती हळू बोलतात.

सगळे म्हणतात, आता हवा छान झाली. माझ्या वर्गातल्या मुली सखीरच्या वाळवंटात तंबू लावायला जायच्या गोष्टी करतात. शेजारच्या काकू संध्याकाळी समुद्राकडे फिरायला जायला लागतात आणि आईला म्हणतात, चला ना. आई म्हणते, येईन की. जात नाही.

आमच्या घराला या छान हवेची धास्ती वाटते. हे नीट सांगता येईल की नाही, मला माहीत नाही. पप्पा सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये एसीचे डक्ट बनवतात. पत्रा कापायचा, वाकवायचा, जोडायचा, सांध्यांवर चंदेरी टेप मारायची. उन्हाळ्यात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. रात्री घरी आले की हाताला पत्र्याचा वास येतो, साबणाने धुतला तरी जात नाही, आणि तो वास आला की आई निवांत असते. थंडी पडली की काम उतरतं. पप्पा लवकर घरी यायला लागतात. सोफ्यावर बसून बातम्या बघतात. हाताला वास येत नाही. मग मालकाच्या केबिनमध्ये ठरतं की यंदा किती माणसं ठेवायची. पप्पांचा व्हिसा जानेवारीत संपतो, आणि आई आणि मी त्यांच्याच व्हिसावर आहोत. त्यांचं नाव निघालं की आमचं निघालं. माझं कॉलेज, सखीरची बस, लायब्ररीतली खिडकीजवळची जागा, सगळं त्यांच्या मागोमाग.

आणि नेमका त्याच सुमाराला हॉकीचा सीझन सुरू होतो.

हॉकी म्हटल्यावर लोकांना वाटतं मोठं स्टेडियम असेल. तसं काही नाही. सलमाबादमध्ये गोदामांच्या मागे एक मोकळी जागा आहे, पाणी मारून मारून कडक केलेली. चुन्याच्या रेघा, दोन गोल, चार दिव्यांचे खांब. त्यातला एक खांब गेली दोन वर्षं मधूनच विझतो आणि मग सगळे एका सुरात ओरडतात. चार टीम आहेत. सलमाबाद, हिद्द, मनामा, रिफा. खेळणारे सगळे नोकरदार: कुणी हॉटेलात, कुणी पोर्टवर, कुणी हॉस्पिटलात. वसईचे आहेत, मुंबईचे आहेत, पुण्याचे आहेत. पप्पा खडकीचे. तिथल्या गल्लीत पोरं क्रिकेटच्या आधी हॉकी शिकतात, असं ते अभिमानाने सांगतात. ते गोलकीपर. त्यांच्या स्टिकच्या मुठीला डक्टची चंदेरी टेप गुंडाळलेली असते. दिव्याखाली ती लांबून चमकते. लहानपणी मला वाटायचं की ती खरंच चांदीची आहे.

सीझनच्या पहिल्या गुरुवारी खेळाडूंची वाटणी होते. वाटणीची पद्धत फक्त आमच्याकडेच असावी. खेळायची इच्छा असलेला प्रत्येक जण आपली स्टिक मधल्या रेघेवर आणून ठेवतो. एकीशेजारी एक, सगळ्या स्टिका निजवलेल्या. मग चौघे कॅप्टन पुढे येतात. आधी ज्याला त्याला आपली गेल्या वर्षीची दोन-तीन माणसं ठेवून घेता येतात. उरलेल्यांतून आळीपाळीने एकेक स्टिक उचलायची आणि ज्याची आहे त्याच्या हातात द्यायची. शेवटी प्रत्येक कॅप्टनला एक अदलाबदल करता येते, स्टिकच्या बदल्यात स्टिक. अदलाबदलीत गेलेला माणूस पुढच्या वर्षी पुन्हा रेघेवर येतो. झालं, एवढेच नियम.

पण स्टिक उचलण्याआधी कॅप्टन एक प्रश्न विचारतो. तो नियमात नाही, तरी प्रत्येकाला विचारला जातो.

"सीझनभर आहेस ना?"

बाहेरच्या माणसाला वाटेल, हा काय प्रश्न झाला! पण इथे चांगला खेळणारा माणूस डिसेंबरमध्ये असतो आणि फेब्रुवारीत नसतो. कुणाचं काँट्रॅक्ट संपतं, कुणाची बदली होते, कुणाच्या घरून फोन येतो. टीमचा अर्धा बचाव एका आठवड्यात विमानात बसलेला आम्ही पाहिला आहे. त्यामुळे वाटणीत खेळ अर्धाच बघतात. उरलेलं अर्धं, हा माणूस टिकेल का, हे बघतात.

आणि उत्तर नेहमी एकच असतं. "इंशाल्ला."

त्या इंशाल्लाचा अर्थ लावणं ही तिथल्या प्रेक्षकांची खरी आवड. रेघेच्या बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर ही मंडळी बसतात, हातात करक, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाचे कागदी कप. त्यांतले मुख्य म्हणजे सावंतकाका. एका कंपनीत अकाउंटंट आहेत, दादरचे, आयुष्यात कधी स्टिक हातात धरलेली नाही, पण त्यांना विचारल्याशिवाय सलमाबादच्या कॅप्टनने काही करू नये असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांच्या शेजारी इनामदारकाका, बँकेत असतात, पुण्याचे, आणि सावंतकाका जे म्हणतील त्याच्या उलट म्हणतात.

"छाती पुढे काढून, पटकन इंशाल्ला म्हणाला की समजायचं पक्कं आहे," सावंतकाका एकदा मला शिकवत होते. "आणि खाली बघून, लांबवून, 'इंऽऽशाल्ला' आलं की समजायचं खलास. तिकीट काढलेलं आहे."

"आणि हसत म्हणाला तर?" मी विचारलं.

"तर त्यालाच माहीत नाही," इनामदारकाका म्हणाले. हे एक मात्र सावंतकाकांनी खोडून काढलं नाही.

मी तेव्हा शाळेत होते. मला ती गंमत वाटली होती. घरी येऊन मी आरशासमोर तिन्ही प्रकारचे इंशाल्ला म्हणून बघितले होते.

मागच्या वर्षीची वाटणी आठवली की मला आधी त्या चहाचीच आठवण येते. वेलचीचा वास आणि कप इतका गरम की बोटं बदलत राहावी लागत होती. मी खुर्च्यांच्या मागे, पाण्याच्या बाटल्यांच्या पेटीवर बसले होते. तिथून मैदान दिसतं आणि आपण कुणाला दिसत नाही. पप्पांची स्टिक रेघेवर होती. सलमाबादचे कॅप्टन शिर्केकाका तिथे येणार, न विचारताच ती उचलणार, कारण पप्पा इतकी वर्षं सलमाबादचेच. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मी मोबाइलवर रविवारच्या क्विझच्या नोट्स वाचत होते.

"जाधवला ठेवून चालणार नाही हां," समोरून सावंतकाकांचा आवाज आला. जाधव म्हणजे पप्पा.

"का? गेल्या सीझनला त्यानेच वाचवलं तुम्हाला," इनामदारकाका म्हणाले.

"खेळाचं बोलतच नाही मी. जानेवारीनंतर असेल का तो? त्यांचं वर्कशॉप आवरतंय म्हणे. एक शेड तर बंदच करतायत."

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणालं काय, सलमाबादमध्ये सगळ्यांना माहीत आहे. शिर्केलाही सांगितलंय मी. म्हटलं, आत्ताच बदलून घे, मागून रडत बसू नकोस. हिद्दकडे तो पोरगा आहे, पोर्टवरचा. तरुण आहे, नवीन व्हिसा आहे."

कप माझ्या हातात होता. बोटं बदलायची राहून गेली.

सलमाबादमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं. पप्पा रोज लवकर घरी येत होते, बातम्या बघत होते, मला विचारत होते, "तुझं किती राहिलं?" मी सांगत होते, "अजून अडीच वर्षं." ते मान डोलवत होते, आणि मला वाटत होतं की ते माझी चौकशी करतायत. कॉलेजातलं त्यांना फारसं काही कळत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे सेमिस्टर म्हणजे काय, क्रेडिट म्हणजे काय, हे त्यांना दर वेळी नव्याने सांगावं लागतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला कळलं की ते सेमिस्टर मोजत नव्हते. ते दुसरंच काहीतरी मोजत होते.

शिर्केकाका आले. त्यांनी पप्पांची स्टिक उचलली. मी श्वास सोडला. पण स्टिक पप्पांच्या हातात न देता ते तशीच घेऊन चार पावलं पुढे गेले, आणि हिद्दच्या डॉमनिक अंकलसमोर धरली. डॉमनिक अंकल वसईचे, एका हॉटेलात काम करतात, हिद्दची टीम वर्षानुवर्षं तेच चालवतात. त्यांनी पप्पांकडे बघितलं, स्टिककडे बघितलं.

"काय रे जाधव, सीझनभर आहेस ना?"

पप्पा हसले. "इंशाल्ला."

त्यालाच माहीत नाही, असं कुणीतरी माझ्या डोक्यात म्हणालं.

डॉमनिक अंकलनी खांदे उडवले. "चार मॅच खेळलास तरी माझं भागेल. गोलात कुणीतरी उभं पायजे." आणि त्यांनी पोर्टवरच्या मुलाची स्टिक शिर्केकाकांना दिली.

खुर्च्यांवर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सावंतकाका म्हणाले, "याला म्हणतात अदलाबदल!" पप्पा आपली स्टिक घेऊन हिद्दवाल्यांच्या घोळक्यात जाऊन उभे राहिले. लांबून ती चंदेरी टेप चमकत होती, फक्त चुकीच्या बाजूला.

घरी जाताना गाडीत ते म्हणाले, "चला, यंदा हिद्दची हवा खाऊ. समुद्राचा वारा असतो तिथे."  काय विचारायचं ते मी ठरवत होते, आणि ठरेपर्यंत घर आलं. आईने दार उघडताच विचारलं, "झाली वाटणी?"

"हिद्दला गेलो," पप्पा म्हणाले.

 "म्हणजे वर्कशॉपचं त्यांच्यापर्यंतही गेलं," आई म्हणाली.

ती स्वयंपाकघरात वळली. पप्पा बूट काढत बसले. मी मधल्या दारात उभी होते. घरातही एकट्या मलाच माहीत नव्हतं.

नंतर मला वाटलं, त्यांनी मला सांगितलं नाही ते माझ्या अभ्यासासाठी. असंच असणार. पण माहीत नसताना जो अभ्यास झाला असता तो माहीत झाल्यावर झाला नाही हेही खरं. सखीरला जाताना बसमध्ये मी पुस्तक उघडून ठेवायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. विद्यापीठाच्या पलीकडेच गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक आहे. सरावाच्या दिवशी इंजिनांचा आवाज वर्गापर्यंत येतो, बारीक, लांबलेला, डासासारखा. आमचे सर त्या आवाजात शांतपणे शिकवत राहतात. मला मात्र त्या हिवाळ्यात तो आवाज आपल्या आतूनच येतोय असं वाटायचं. बाकीच्या मुली पुढच्या वर्षी कोणते विषय घ्यायचे याची चर्चा करायच्या. मीही त्यात बोलायचे. "मी स्ट्रक्चर्स घेणार," म्हणायचे. म्हणताना मनात एक छोटासा इंशाल्ला यायचा, लांबवलेला.

मॅच मात्र मी एकही चुकवली नाही. मला हॉकी इतकी आवडते असं नाही. पण खुर्च्यांवर जे बोललं जायचं ते ऐकल्याशिवाय मला राहवत नव्हतं. शिर्केने जाधवला सोडलं ते बरोबर की चूक, हा तिथला रोजचा विषय होता. ते टीमबद्दल बोलत होते. मला मात्र प्रत्येक वाक्यात आमचं घर ऐकू यायचं. बरोबर केलं, असं कुणी म्हणालं की मी मनातल्या मनात सामान बांधायला घ्यायचे. चुकलंच ते, असं कुणी म्हणालं की वाटायचं, म्हणजे यांना काहीतरी कळलं असेल, म्हणजे कदाचित वर्कशॉप बंद होत नसेल. त्यांना काहीच कळलेलं नसायचं. ते फक्त आदल्या शुक्रवारचा स्कोअर बघून बोलत असायचे.

डिसेंबरमध्ये सलमाबाद आणि हिद्दची मॅच झाली. कुठे बसायचं हे मला कळेना. शेवटी नेहमीच्याच पेटीवर बसले. समोर पप्पा, आमच्याच सलमाबादविरुद्ध गोलात. थंड वारा होता. पॅड बांधल्यावर ते नेहमी आधी डावा पाय आपटतात, मग उजवा, तसे त्यांनी आपटले. पहिल्या पेनल्टी कॉर्नरला बॉल त्यांच्या पॅडला लागून बाहेर गेला. दुसऱ्याला त्यांनी आडवं पडून अडवला. तिसराही अडवला आणि खुर्च्यांवरून आवाज उठला.

"अरे, आपला माणूस आहे तो!"

"आपला कुठला? आपणच दिलाय ना!"

"तुम्ही दिलाय, सावंत. तुम्ही. शिर्केला रात्री फोन कुणी केला होता?" इनामदारकाका म्हणाले.

"मला काय स्वप्न पडलं होतं तो असा खेळणार म्हणून?"

"तो असाच खेळतो, इतकी वर्षं. तुम्ही व्हिसा बघत बसलात."

तेवढ्यात तो खांबावरचा दिवा विझला, सगळे ओरडले, आणि अंधारात मी पेटीवर बसून हसत होते की रडत होते हे मलाच समजलं नाही.

पुढची गंमत मी आजही नीट पचवू शकलेली नाही. नवीन व्हिसावाला, तरुण, पक्का असा तो पोर्टवरचा मुलगा नाताळच्या आधीच दोहाला गेला. चांगली नोकरी मिळाली, कुणाला न सांगता गेला. सलमाबादच्या गोलात मग एक फुलबॅक उभा राहायला लागला, त्याला बॉल आला की डोळे मिटायची सवय. शिर्केकाका डॉमनिक अंकलकडे गेले. जाधवला परत द्या म्हणाले.

"दिलेला माणूस परत मागतात होय?" डॉमनिक अंकल म्हणाले. "माझ्या गोलात उभाय तो. आता तुम्ही जा दोहाला, आणा तुमचा पोरगा."

हे मैदानभर झालं. इनामदारकाका ते दर आठवड्याला सावंतकाकांना अभिनय करून दाखवायचे.

मी सावंतकाकांवर रागावले नव्हते. खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडे बघून भीती वाटायची. माणूस इतकी माहिती काढतो, सगळ्या बाजूंनी विचार करतो, शहाण्यासारखा निर्णय घेतो, आणि तरी जो जाणार म्हणून सोडला तो राहतो आणि जो राहणार म्हणून घेतला तो जातो. मग त्या केबिनमध्ये बसलेला पप्पांचा मालक तरी काय बघून ठरवत असेल? तोही असाच कुणाचं तरी ऐकत असेल. त्याच्या शेजारीही कुणीतरी चहा पीत बसलेलं असेल आणि म्हणत असेल, जाधवला ठेवून चालणार नाही हां.

जानेवारीत एक शेड बंद झाली. पप्पांच्या बरोबरीची बरीच माणसं गेली. पप्पा राहिले. का राहिले ते त्यांनाही माहीत नाही. गेलेल्यांहून ते चांगलं काम करतात असं मी म्हणू शकत नाही, कारण पप्पा स्वतःच म्हणतात की करत नाहीत. ते घरी आले, नवीन रेसिडेन्सी कार्ड टेबलावर ठेवलं आणि जेवायच्या आधीच झोपले. आईने ते कार्ड उचललं, दोन्ही बाजूंनी बघितलं, आणि म्हणाली, "एकच वर्ष दिलंय." मग तिने भाजीला फोडणी दिली. त्या संध्याकाळी आम्ही तिघं एकमेकांशी फार प्रेमाने वागलो.

ते एक वर्ष आता संपत आलं आहे.

म्हणून परवा एसी थांबला तेव्हा मला आधी पप्पांचा हात हुंगावासा वाटला. ते बाथरूममध्ये होते, वाटणीला जायची तयारी करत. बाहेर आले तेव्हा नुसता साबणाचा वास होता. मी विचारलं, "काही कळलं?" यंदा ते मला सगळं सांगतात. म्हणाले, "मालक सुट्टीवर आहे. आल्यावर बघू म्हणालाय." मग स्टिक घेऊन खाली बसले आणि मुठीवरची जुनी टेप सोलून नवी गुंडाळायला लागले. गुडघा वाकवताना त्यांचं तोंड किंचित वाकडं झालं. डावा गुडघा. मी हिद्दच्या शेवटच्या मॅचपासून बघतेय.

मैदानावर गेलो तेव्हा संध्याकाळची, मगरिबची अजान होऊन गेली होती. तेच दिवे, तोच वेलचीचा वास. रेघेवर स्टिका निजलेल्या. अदलाबदलीत गेलेला माणूस पुन्हा रेघेवर, या नियमाने पप्पांचीही तिथे होती, नव्या टेपमुळे सगळ्यांत चकचकीत. कॅप्टनांनी ठेवायची ती माणसं ठेवून घेतली. एकेक स्टिक उचलली जायला लागली. सीझनभर आहेस ना? इंशाल्ला. सीझनभर आहेस ना? इंशाल्ला. डॉमनिक अंकल पप्पांच्या स्टिकजवळ थांबले, मग पुढे गेले. त्यांना यंदा दुसरा गोलकीपर मिळाला होता. गोलकीपर उरले दोन. पप्पा, आणि एक नवा मुलगा, नाशिकचा, हॉस्पिटलात फार्मसीत लागलेला. आणि गोलकीपर हवा असलेली टीम एकच राहिली होती. सलमाबाद.

"काय गं मानसी," सावंतकाका खुर्चीवरून मागे वळले. "कॉलेज काय म्हणतं?"

"चाललंय, काका."

"कितवं वर्ष?"

"तिसरं."

"छान, छान." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आणि पप्पांचं? रिन्यू झालं का?"

तो साधाच प्रश्न होता. पण शेजारच्या खुर्च्या आमच्याकडे वळल्या. समोर शिर्केकाका दोन स्टिकांच्या मधे उभे होते आणि आमच्याच दिशेने बघत होते. मला कळलं की मी जे बोलेन त्यावर ते कुठली स्टिक उचलतील हे ठरणार आहे. 'झालं' म्हणाले तर खोटं होईल. 'नाही' म्हणाले तर पप्पा त्या रेघेजवळ उभे राहतील, सगळ्यांची स्टिक उचलली जाईपर्यंत, नव्या टेपसकट.

"नाही झालं अजून," मी म्हणाले. मला दुसरं काही जमलंच नाही. आणि मग, का कोण जाणे, बोलणं तुटू नये म्हणून असेल, मी विचारलं, "तुमचं झालं का, काका?"

खरंच त्यात काही टोमणा नव्हता. शेजारच्यांनी आजारपणाची चौकशी केली की आपण उलट चौकशी करतो, तेवढंच.

पण सावंतकाकांचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. इतक्या वर्षांत या मैदानावर त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नसावा. ते खेळत नाहीत, रेघेवर त्यांची स्टिक नसते, त्यांना कोण विचारणार?

"माझं ना," ते म्हणाले. "माझं फेब्रुवारीत आहे."

"होईल ना?"

"होईल की. म्हणजे, नवीन मॅनेजर आलाय. तो जरा..." त्यांनी कपात बघितलं. "होईल. इंऽऽशाल्ला."

इनामदारकाकांनी त्यांच्याकडे बघितलं. मीही बघितलं. तो कुठल्या प्रकारचा इंशाल्ला होता हे आम्हा दोघांनाही त्यांनीच शिकवलेलं होतं. इनामदारकाका नेहमी काहीतरी उलट म्हणतात.  त्या वेळी ते आपला मोबाइल काढून नुसताच बघत बसले.

मग सावंतकाका खुर्चीवरून उठले. कपातला चहा सांडला, तो त्यांच्या पॅन्टवर. "ए शिर्के!" ते मैदानाकडे ओरडले. "बघत काय बसलायस? जाधवला घे ना!"

"डोकं फिरलंय का, सावंत?" इनामदारकाकांना आवाज फुटला. "मगाशी तुम्हीच म्हणत होतात की नाशिकचा पोरगा घ्या, दोन वर्षांचं काँट्रॅक्ट आहे!"

"मगाशीचं मगाशी. मागच्या वर्षी काँट्रॅक्ट बघून घेतला, तो कुठेय? दोहाला! यल्ला, चल शिर्के, उचल!"

शिर्केकाका पप्पांकडे वळले. सवयीने त्यांनी विचारलंच. "सीझनभर आहेस ना, जाधव?"

मी पप्पांच्या इंशाल्लाची वाट बघत होते. पटकन की लांबवून की हसत, एवढंच ऐकायचं होतं.

"जानेवारीपर्यंत आहे," पप्पा म्हणाले. "पुढचं मला माहीत नाही."

असं स्पष्ट उत्तर तिथे मी कधी ऐकलं नव्हतं. शिर्केकाकांनीही कधी ऐकलं नसावं. मग ते वाकले आणि चंदेरी टेपची स्टिक उचलून पप्पांच्या हातात दिली.

खुर्च्यांवर लगेच भांडण पेटलं. जानेवारीत काय करणार? पुन्हा तो डोळे मिटणारा फुलबॅक उभा करणार? भावनेने टीम बनवतात का? सावंतकाका एकटे सगळ्यांना तोंड देत होते. मला त्यांच्या बाजूने बोलायचं होतं. मी पेटीवरून उठून पुढे गेले, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"पण काका, खरं सांगू? पप्पांना डावीकडचा बॉल आता जमत नाही. गुडघा दुखतो त्यांचा. खाली जायला वेळ लागतो. नाशिकचा मुलगा घ्यायला हवा होता."

सावंतकाका आ वासून माझ्याकडे बघत राहिले. "अगं, स्वतःच्या बापाबद्दल असं बोलतात?"

"बघा!" इनामदारकाका टाळी देत म्हणाले. "मी काय म्हणत होतो? पोरीला कळतं, तुम्हाला कळत नाही!"

"मानसी," मैदानातून पप्पांचा आवाज आला, "ऐकू येतंय मला!"

सगळे हसले. पप्पाही. नाशिकच्या मुलाची स्टिक रेघेवर एकटीच उरली होती. रिफाच्या कॅप्टनने ती राखीव म्हणून उचलली तेव्हा इनामदारकाकांनी पायाने एक खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस इथे. मागे काय बसतेस नेहमी." मी बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खुर्ची दव पडून ओली झाली होती. मग नाशिकच्या मुलाचं काय करायला हवं होतं, डावीकडे एक जादा फुलबॅक ठेवून भागेल का, यावर आम्ही कितीतरी वेळ बोलत होतो. मी मधेमधे चक्क हात वर करून बोलत होते. मालक सुट्टीवरून कधी येणार आहे, हे त्या वेळात मला एकदाही आठवलं नाही.

घरी आल्यावर आठवलंच. एसी बंद असल्यामुळे पप्पा कूस बदलतात तेही आता ऐकू येतं.

पुढच्या शुक्रवारी पहिली मॅच आहे, हिद्दशीच. डॉमनिक अंकलनी एक नवीन पोरगा आणलाय म्हणे, लांबून जोरात मारतो. इनामदारकाकांनी काल फोन करून मुद्दाम सांगितलं की तो नेहमी गोलकीपरच्या डावीकडेच मारतो. तेव्हापासून मला त्याचीच काळजी लागून राहिली आहे.